गेर्डाचं माहेर

मीनाचा फोन आला तेव्हा मी गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. "मावशी, आई गेली... झोपेतच," एवढं बोलून ती थांबली, आणि मग रडण्याऐवजी तिला थोडं हसूच आलं. म्हणाली, काल संध्याकाळी तर शेजारच्या कंपनीच्या वॉचमनशी भांडत होती, तुमच्या ट्रकची धूळ माझ्या घेवड्यावर बसते म्हणून. तो बिचारा आज सगळ्यांच्या आधी येऊन दारात उभा राहिलाय. मी पाण्याची झारी खाली ठेवली. आमची साठ वर्षांच्या आसपासची ओळख. इतक्या जुन्या माणसाची बातमी आली की पहिल्यांदा रडू येत नाही, आता काही गोष्टी फक्त आपल्यालाच ठाऊक राहिल्या, हे जाणवतं.

त्यातली एक गोष्ट मी माझ्या नातवंडांसाठी, रेवा आणि ईशानसाठी, लिहायला घेतली आहे. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांनी ती त्यांच्या शेजारी बसून वाचावी. रेवा, दीड-दोन महिन्यांपूर्वी तू फोनवर किती चिडली होतीस. तुझं आणि मिगेलचं लग्न खरं आहे हे दाखवायला फोटो, घरभाड्याचे कागद, एकमेकांना लिहिलेले निरोप, सगळं त्या व्हिसाच्या कचेरीत द्यायचं. "आजी, आमचं लग्न खरं आहे हे आम्हीच सिद्ध करायचं?" असं तू विचारलंस. तेव्हाच मी म्हटलं होतं की तुला एकदा गेर्डाआजीची हकीकत सांगते. तुला आणि ईशानला ती आठवते ती महाळुंग्याच्या शेतावरची उंच, गोरी म्हातारी. गावरान मराठी बोलणारी आणि तुमच्या ताटात तिसरी भाकरी वाढणारी. तिला भेटायला नेईन, तिच्याच तोंडून ऐकवीन असं माझ्या मनात होतं. ते राहिलं. म्हणून हे लिहिते.

पिंपरीला औषधांचा कारखाना नवा उभा राहिला होता आणि तुमच्या आजोबांना तिथे नोकरी लागली. लग्न होऊन मी पुण्याहून कॉलनीत राहायला आले. चार-सहा ओळी क्वार्टर्स आणि भोवती नुसतं माळरान. संध्याकाळी सातनंतर बाहेर दिवा दिसला तर तो रेल्वेचा. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक युरोपियन बाई राहतात असं मला आधीच कळलं होतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. पहिल्या भेटीत काय बोलायचं ती वाक्यं मी मनातल्या मनात जुळवून ठेवली होती. सकाळी नळावर गेले तर सुती पाचवारी नेसलेली, सोनेरी केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक उंच बाई बादली भरत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी नव्या आलाय व्हय? पानी धा वाजता जातंय. आदी हंडा भरा, मंग बोलू." माझं सगळं इंग्रजी घशातच राहिलं. कॉलनीत त्यांना सगळे सुमनवहिनी म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

त्या जन्माने गेर्डा, जर्मनीतल्या एका लहान गावच्या. युद्धात वडील आणि भाऊ गेले. युद्ध संपल्यावर तिकडच्या पुष्कळ मुली कामासाठी इंग्लंडला गेल्या, त्यांत त्याही होत्या. लंडनच्या एका रुग्णालयात वॉर्डातली पडेल ती कामं करायच्या. महाळुंग्याचे दत्तात्रयराव शिष्यवृत्तीवर रसायनशास्त्र शिकायला लंडनला गेलेले. एका हिवाळ्यात न्यूमोनियाने आजारी पडून ते त्याच वॉर्डात दाखल झाले. पुढचं तुम्हाला कळेलच. स्वातंत्र्यानंतर वर्ष-दीड वर्षाने त्यांनी तिथल्या नोंदणी कचेरीत लग्न केलं आणि शिक्षण संपल्यावर दोघं इकडे आली.

महाळुंगं तेव्हा पुरतं शेतकऱ्यांचं गाव. दत्तात्रयरावांच्या आईंना सगळे आत्याबाई म्हणत. सुनेला बघून त्या रागावल्या. दोन दिवसांनी म्हणाल्या, कचेरीतलं लग्न मला ठावं न्हाई, माझ्या डोळ्यांदेखत अक्षता पडल्या पायजेत. मग दारात मांडव पडला. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा मुलगा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. ते नाव सासरचं, आणि त्या दिवसापासून तेच खरं. मीही लग्नाआधी कमल होते, लग्नानंतर सुधा झाले, आणि यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. आत्याबाईंनी सांगितलं, दत्तात्रयरावांनी तांदळात 'सुमन' लिहिलं. एवढ्यावर आत्याबाईंचा राग संपला. त्यानंतर त्यांनी सुनेला स्वतःच्या हाताने भाकरी थापायला शिकवलं, भाषा शिकवली, आणि कुणी 'मड्डम' म्हटलं तर त्याच्याशी भांडण काढलं. रेशनकार्डावर सुमन लागलं, दत्तात्रयरावांना पिंपरीत नोकरी लागल्यावर कारखान्यात कुटुंबाच्या नोंदीत सुमन लागलं, मीना झाली तेव्हा जन्माच्या नोंदीत आईचं नाव सुमन लागलं. लंडनची पदवी घेतलेल्या दत्तात्रयरावांनाही त्यात वावगं दिसलं नाही. बायकोचं नाव लग्नात बदलतं आणि मग सगळीकडे ते नवं लागतं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं.

फक्त एका ठिकाणी त्या गेर्डा राहिल्या होत्या, आणि ते ठिकाण म्हणजे पोलीस. परदेशी माणसाला पुण्याला पोलिसांकडे नोंद करावी लागे. जिल्ह्याबाहेर जास्त दिवस राहायचं तर आधी कळवायचं, घर बदललं तर कळवायचं. लंडनहून ज्या प्रवासाच्या कागदावर त्या आल्या होत्या त्यावर गेर्डा होतं, म्हणून पोलिसांच्या दाखल्यावरही गेर्डाच. गंमत अशी... गंमत कसली, पण त्या स्वतः ती गंमत म्हणून सांगत, की आपले पोलीस त्यांना जर्मन म्हणत आणि जर्मन वकिलात म्हणे की तुम्ही जर्मन नाही. तिकडचा जुना कायदा असा की परक्या माणसाशी लग्न केलं की बाईचं नागरिकत्व गेलं. आणि आपल्याकडे तेव्हा परदेशी बायकोला नागरिक करून घेण्याचा कायदाच झालेला नव्हता. म्हणजे तिकडून सुटल्या आणि इकडे लागल्या नाहीत. पासपोर्ट कुठलाच नाही. त्या बाहेर पडल्या असत्या तर परत येऊ देतील याची खात्री कुणीच देत नव्हतं.

इतकी वर्षं त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मग जर्मनीहून बहिणीचं पत्र आलं की आईच्या फुप्फुसांचं दुखणं वाढलंय, हा हिवाळा निघाला तरी पुढचा निघेल असं डॉक्टरांना वाटत नाही. ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, जर्मनमधून इंग्रजी करत, आणि मग घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी मीनाची वेणी घातली, नेहमीसारखी भाजी चिरली. माझी आई सदाशिव पेठेत होती. मला हवं तेव्हा मी चिंचवड स्टेशनवर गाडीत बसून तिला भेटून येत होते.

त्याच सुमारास, पंचावन्न साली, नागरिकत्वाचा कायदा झाला आणि भारतीयाच्या बायकोला नोंदणी करून नागरिक होता येईल असं त्यात आलं. नियम निघाले तसा आम्ही अर्ज केला. आम्ही म्हणजे त्यांनी. इंग्रजी मसुदा माझा, टंकलेखन तुमच्या आजोबांचं. अर्ज पुण्याच्या कलेक्टर कचेरीत दिला आणि तिथून चौकशीसाठी महाळुंग्याला, नवऱ्याच्या कायमच्या पत्त्यावर, हवालदार गेला.

घरी आत्याबाई एकट्याच होत्या. हवालदाराने विचारलं, गेर्डा नावाची बाई तुमची सून का? पोलीस दारात आलेला पाहूनच आत्याबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांना वाटलं, सुनेला धरून पुन्हा तिकडे पाठवायला आले. त्या म्हणाल्या, माझी सून सुमन, असल्या नावाची बाई आमच्यात न्हाई. हवालदार म्हणाला, गोरी बाई आहे म्हणतात. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "गोरी हाय, तर? आमच्या घरात समदे काय काळेच हायेत व्हय?" आणि त्याला ताक पाजून त्यांनी वाटेला लावलं. पुढच्या रविवारी दत्तात्रयराव गावी गेले तेव्हा मोठ्या अभिमानाने त्यांनी ही हकीकत सांगितली. सुनेला वाचवलं म्हणून.

कचेरीत ते लिहिलं गेलं, आणि दत्तात्रयरावांना बोलावणं आलं. मुंबई राज्यात तेव्हा दुसरी बायको करणं गुन्हा होता. कागद बघितले तर घरात एक बायको सुमन, मुलीची आई सुमन, सासू म्हणते सून सुमन. आणि अर्ज करणारी ही गेर्डा कोण? कॉलनीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. कारखान्यातले लोक त्यांना विचारायचे, "दत्तूशेठ, बायका दोन आणि क्वार्टर एकच, कसं भागवता राव?" ते वरवर हसायचे. पण नोकरी जाण्याची भीती होती, त्याहून मोठी भीती अर्ज फेटाळला जाण्याची होती, आणि तिकडून दर पंधरवड्याला बहिणीचं पत्र येतच होतं.

कचेरीत मीही बरोबर गेले होते, मसुदा माझा म्हणून. अधिकारी मध्यमवयीन, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळे कागद पुढे मांडले आणि दत्तात्रयरावांना विचारलं, यातली तुमची खरी पत्नी कोणती? दत्तात्रयराव घाम पुसत शास्त्रीय पद्धतीने खुलासा करू लागले. गेर्डावहिनींनी त्यांच्या बाहीला हात लावून त्यांना थांबवलं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "सायेब, एक इचारू का? तुमच्या मंडळींचं माहेरचं नाव काय?"

साहेब गडबडले. क्षणभर त्यांना ते आठवावं लागलं. "प्रमिला," ते म्हणाले.

"आन् आता?"

"शालिनी."

"मग त्या दोगी हायेत का एकच?"

मागे बसलेल्या कारकुनाला खोकला आला. साहेबांनाही हसू आवरेना. "बाई, मला पटलं," ते म्हणाले, "पण फाईलला पटायला पाहिजे." ज्या सासूबाईंनी गेर्डा नावाची सून नाही असं सांगितलं, त्यांनीच मामलेदारांपुढे येऊन ती आणि ही एकच असं लिहून द्यावं, म्हणजे पुढे जाता येईल. त्यांचं म्हणणं रास्त होतं. बाहेर पडताना मी गेर्डावहिनींचं कौतुक करायला गेले तर त्या म्हणाल्या, खरं काम अजून व्हायचंय.

त्यांनी ते बरोबर ओळखलं होतं. आम्ही महाळुंग्याला गेलो तेव्हा भुईमूग निघाला होता आणि आत्याबाई अंगणात वेलाच्या शेंगा तोडत बसल्या होत्या. दत्तात्रयरावांनी सगळं समजावून सांगितलं. आत्याबाईंचे हात थांबले नाहीत. प्रत्येक वाक्याला त्या फक्त "आन् मंग?" म्हणत होत्या. मग अंगठा द्यायचा. आन् मंग? मग ती इथली नागरिक होईल. आन् मंग? मग पासपोर्ट मिळेल. आन् मंग? मग ती आईला भेटून येईल...

"येईल?" आत्याबाईंनी विचारलं आणि पहिल्यांदा वर बघितलं. मग म्हणाल्या, "न्हाई द्यायची मी अंगठा." पोलिसांपासून लपवून ठेवलेली सून आता स्वतःच्या अंगठ्याने बोटीवर चढवायची, हे त्यांना जमेना. ती जाईल, पोरीला घेऊन जाईल, आणि आपलं माणूस तिकडं असलं की कोण माघारी येतं, असं त्या शेंगांकडे बघत बोलत राहिल्या. दत्तात्रयराव चिडले, काही तरी बोलले आणि बांधाकडे निघून गेले. मला वाटलं आता गेर्डावहिनी रडतील, निदान विनवतील. त्यांनी एक वेल पुढे ओढला आणि सासूशेजारी बसून शेंगा तोडायला घेतल्या.

"आत्याबाई, तुमची आई आजारी पडली तवा तुमी काय केलं?"

"काय करायचं? भाऊ मुराळी आला. बसले गाडीत, गेले."

"वाटंत कुनी नाव इचारलं?"

"माहेराला जायाला नाव लागतंय व्हय?"

"मला लागतंय," गेर्डावहिनी म्हणाल्या.

आत्याबाईंच्या हातातला वेल तसाच राहिला. लग्न होऊन आलेल्या मुलीला माहेरी न्यायला मुराळी येतो, निदान पंचमीला, दिवाळीला येतो, आणि सासूने कितीही तोंड वाकडं केलं तरी तिला जाऊ द्यावंच लागतं. या सुनेला इतक्या वर्षांत कुणी न्यायला आलं नव्हतं, हे त्या अंगणात बसून बहुधा पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं. "तुझा मुराळी कोन येनार?" त्यांनी विचारलं. कुनी न्हाई, भाऊ लढाईत गेला, असं गेर्डावहिनींनी सांगितलं. आत्याबाई उठल्या, पदर झटकला आणि बांधाकडे तोंड करून मुलाला हाक मारली, "दत्तू, गाडी जुप. कुटं अंगठा द्यायचा ते दाव मला." आणि गाडीत बसल्यावर, थोडं पुढे गेल्यावर, कुणीही विचारलेलं नसताना म्हणाल्या, "मीनीला बी ने संगं. आज्जीला नात दावून ये."

पुढचं सरळ झालं म्हणवत नाही, पण झालं. गेर्डावहिनींनी कचेरीत शपथ घेतली, नोंदणीचा दाखला मिळाला, पासपोर्ट आला, त्यावर मीनाचं नाव चढलं. मग मुंबईला जर्मन वकिलातीत व्हिसासाठी जावं लागलं. तिथली बाई त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होती. यांनी जर्मनमध्ये उत्तर दिल्यावर तिने पुन्हा एकदा पासपोर्ट उघडून बघितला. जाण्याचं कारण काय, असं विचारलं तेव्हा माहेर या शब्दाला जर्मनमध्ये काय म्हणावं हे त्यांना सुचलं नाही. 'आईला भेटणे' असं लिहिलं. व्हिसा तीन महिन्यांचा मिळाला. आयुष्यात इतक्या वर्षांनी मी कुठल्या तरी देशाची झाले, असं त्या मला म्हणाल्या, आणि पहिलं काम काय केलं, तर जिथे जन्मले तिथे पाहुणी म्हणून राहू द्या असा अर्ज. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मला आला असता.

त्या गेल्यावर आत्याबाई मुलाकडे कॉलनीत राहायला आल्या. दुपारी व्हरांड्यात बसून पोस्टमनची वाट बघायच्या, पण तसं कबूल करायच्या नाहीत. उन्हाला बसलेय, म्हणायच्या. पत्र आलं की मी वाचून दाखवत असे. आई भेटली. मीनाला बघून तिने तिचे कान, नाक, बोटं सगळं चाचपून बघितलं. मग काही आठवड्यांनी आई गेल्याचं पत्र आलं. त्याच पत्रात दत्तात्रयरावांसाठी वेगळा कागद होता. बहीण राहण्याचा आग्रह करते आहे, गावच्या रुग्णालयात काम मिळू शकतं, इथे राहिलं तर जर्मन नागरिकत्व पुन्हा मागता येईल असं सगळे सांगतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. लपवालपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. खाली एकच ओळ होती, की परतीची तिकिटं काढली आहेत. तो कागद आईला वाचून दाखवावा की नाही हे दत्तात्रयरावांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी दाखवला. आत्याबाईंनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला आणि मग आत जाऊन स्वयंपाकाला लागल्या.

दत्तात्रयराव त्यांना बोटीवरून उतरवून घ्यायला मुंबईला गेले. आम्ही चिंचवड स्टेशनवर. आत्याबाईंनी ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या आणला होता. गाडी थांबली, मीना उडी मारून आजीला बिलगली. वहिनी खाली उतरल्या, बारीक झालेल्या, अंगावर तिकडचा राखाडी कोट. आत्याबाईंनी तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, मग विचारलं, "आई भेटली?" भेटली. "वळखलं तुला?" वळखलं. आत्याबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"चल गेर्डा, घरला," त्या म्हणाल्या.

हे नाव त्यांच्या तोंडून आम्ही कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. गेर्डावहिनी फलाटावरच उभ्या राहिल्या आणि मग, इतक्या दिवसांत न रडलेल्या त्या, कोटाच्या बाहीत तोंड घालून रडल्या. मी नंतर आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या नावानं हाक मारनारी गेली तिची. आता कुनी तरी मारायला पायजे न्हवं?" यापलीकडे त्यांनी या विषयावर कधी काही सांगितलं नाही. त्या मारायच्या तशी मग महाळुंग्यानेही हाक मारली. सुमन रेशनकार्डावर राहिली.

नंतरची वर्षं तुम्हाला थोडीफार ठाऊक आहेत. दत्तात्रयराव निवृत्त झाल्यावर दोघांनी शेतात घर बांधलं. आत्याबाईंचं शेवटचं आजारपण गेर्डावहिनींनीच काढलं. पुढे चाकणच्या बाजूला कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर परदेशी इंजिनियर आले, त्यांतल्या काहींनी इथल्या मुलींशी लग्नं केली, आणि कुणाचा कागद अडला की ती जोडपी महाळुंग्याला त्यांच्या ओट्यावर येऊन बसायची. त्या आधी भाकरी वाढायच्या. मग विचारायच्या, सगळीकडं नाव एकच लिवलंय ना? आणि ऐंशी वर्षांच्या झाल्या तरी त्यांच्याबरोबर पुण्याच्या कचेरीत जायच्या, पिशवीत पाण्याची बाटली आणि विणकाम घेऊन. खेटे घालताना माणसाने रिकामं बसू नये, म्हणायच्या, चीड येते. रेवा, तुझ्या त्या कचेरीत तू हे करून बघ. मी त्यांच्याइतकं धीराचं माणूस दुसरं पाहिलं नाही. त्यांचा धीर सोसण्याचा नव्हता, जे हवं ते मागत राहण्याचा होता.

त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी मी मीनाला भेटायला गेले. चाकणच्या चौकात रिक्षा केली. आता तिकडचा रस्ता मला ओळखू येत नाही, दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती आणि उभे ट्रक. मीनाने गट नंबर, जवळच्या कंपनीचं गेट, सगळं लिहून दिलं होतं ते मी रिक्षावाल्याला वाचून दाखवू लागले. तिशीच्या आतला असेल, बोलण्यावरून लातूरकडचा वाटला. माझं वाचून व्हायच्या आतच त्याने मीटर पाडलं.

"गट नंबर कशाला सांगायलाव आजी, गेर्डाच्या माळाला जायचंय म्हणा की."

मी विचारलं, तुम्ही ओळखत होता त्यांना?

"कुणाला?" तो म्हणाला. "जागेचंच नाव हाय ते."